टेबलावर चालते, कॉकपिटमध्ये दगा देते: यूएसबी पॉवर केबलचा दोष शोधताना

तक्रार साधारण दोन प्रकारची असते. पहिली: टॅबलेटवर चार्जिंगचं चिन्ह दिसतंय, केबल नीट बसलीय, तरी तासाभराच्या उड्डाणात बॅटरी वाढायच्या ऐवजी उतरत जाते. दुसरी: एडीएस-बी रिसीव्हर (आसपासच्या विमानांचे संदेश पकडून ती नकाशावर दाखवणारं यंत्र) किंवा जीपीएस मधेच बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि नकाशावरची वाहतूक तेवढा वेळ गायब होते. खाली उतरल्यावर तीच केबल, तेच यंत्र घरच्या चार्जरला लावलं की सगळं सुरळीत. मग नवी केबल येते, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नव्या केबलने प्रश्न सुटत नाही, कारण बहुतेक वेळा मोजमाप झालेलंच नसतं. केबल ‘चालते की नाही’ हा प्रश्नच अपुरा आहे. खरा प्रश्न असा: पूर्ण लोडवर, यंत्राच्या टोकाला, केबल हलत असताना किती व्होल्ट पोहोचतात? टेबलावर यातलं काहीच तपासलं जात नाही. तिथे स्क्रीन मंद असते, केबल स्थिर असते आणि चार्जर भिंतीतला असतो. कॉकपिटमध्ये स्क्रीन पूर्ण उजळलेली, जीपीएस आणि वाय-फाय दोन्ही चालू, काचेतून ऊन, इंजिनाची थरथर आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचलेला चार्जर.

आधी बिघाड कधी होतो ते पाहा

हत्यारं काढण्यापूर्वी वेळ टिपा. दोष कुठे आहे याचा अंदाज निम्मा तरी त्यावरूनच बांधता येतो.

इंजिन सुरू करतानाच यंत्र रीबूट होत असेल तर केबलला हात लावू नका. स्टार्टर फिरताना विमानाच्या बॅटरीचं व्होल्टेज चांगलंच खाली बसतं, चार्जर क्षणभर मान टाकतो आणि ज्याला स्वतःची बॅटरी नाही ते यंत्र बंद पडतं. उपाय फुकट आहे: इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर लागेपर्यंत चार्जर सॉकेटमध्ये घालायचाच नाही. स्टार्टर सुटताना उठणाऱ्या व्होल्टेजच्या उसळीपासूनही तो वाचतो.

दुसरं यंत्र लावलं किंवा काढलं की पहिलं क्षणभर बंद पडतं? मग चार्जर पाहा. पॉवर डिलिव्हरीचे (यंत्राशी बोलून व्होल्टेज ठरवणारे) अनेक पोर्टवाले चार्जर नवं यंत्र जोडलं की वीज नव्याने वाटून देतात, आणि त्या वाटणीत पहिल्या पोर्टची वीज क्षणभर जाते. टॅबलेटला ते जाणवतही नाही, पण रिसीव्हर रीबूट होतो. अशा रिसीव्हरला स्वतंत्र, एकाच पोर्टचा साधा चार्जर द्यावा.

पॉवर बँक वापरताना ठरावीक वेळाने वीज जात असेल आणि यंत्र छोटं असेल, उदाहरणार्थ ग्लायडरमधला उड्डाणाची नोंद ठेवणारा फ्लाइट लॉगर, तर पॉवर बँकेला वाटतंय की जोडलेलं काही उरलंच नाही. बऱ्याच पॉवर बँका फार कमी करंट ओढला जातोय असं दिसलं की स्वतःला बंद करतात. काहींत कमी करंटचा वेगळा मोड असतो, बहुधा बटण दोनदा दाबून चालू होणारा. तो नसेल तर पॉवर बँक बदला, केबल नको.

भर उन्हात, अर्ध्या-पाऊण तासाने चार्जिंग थांबत असेल तर बहुतेक वेळा उष्णता. आयपॅडसाठी अ‍ॅपलने दिलेली वापराची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस अशी आहे, आणि काचेखाली माउंटवर लावलेला टॅबलेट ती सहज ओलांडतो. आधी चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं, मग स्क्रीन आपोआप मंद होते, आणि शेवटी तापमानाचा इशारा येतो. स्क्रीन मंद झाल्याची खूण लक्षात ठेवा, कारण केबलच्या दोषात ती सहसा दिसत नाही. मागचं जाड कव्हर काढा, हवेचा झोत मागच्या बाजूला वळवा, आणि बॅटरी निम्म्याच्या वर असेल तर चार्जिंगच काढून टाका. चार्जिंगमुळे तो आणखी तापतो.

यातलं काहीच जुळत नसेल, म्हणजे बिघाड थरथरीत, वळणात, खडबडीत हवेत किंवा अगदी केव्हाही होत असेल, तर मग केबल, प्लग आणि पोर्ट या तिघांकडे वळायचं.

तांब्याचा हिशेब

यूएसबीची नेहमीची वीज ५ व्होल्टची असते आणि त्यात घसरणीला जागा फार थोडी. केबलमधल्या वीजवाहक तारा बारीक असतील तर व्होल्टेज वाटेतच संपतं. तारेची जाडी गेजमध्ये (एडब्ल्यूजी) सांगतात, आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो, २४ गेजचा ०.०८४ आणि २० गेजचा ०.०३३. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून २ मीटरच्या केबलसाठी ४ मीटर तार धरायची.

टॅबलेट १२ वॅटच्या चार्जरवर पूर्ण ताकदीने २.४ अँपिअर ओढतो. २४ गेजच्या २ मीटर केबलमध्ये त्याला ०.८ व्होल्टची घट येते, प्लगच्या जोडांची घट वेगळी. म्हणजे ५ चे ४.२ च्या खाली. २८ गेजची केबल असेल तर गणितच जमत नाही: २ व्होल्टची घट कागदावर निघते, प्रत्यक्षात तेवढा करंट वाहूच शकत नाही.

मग चार्जिंगचं चिन्ह का दिसत राहतं? टॅबलेटमधला चार्जिंगचा चिप हुशार असतो. व्होल्टेज घसरतंय असं दिसलं की तो करंट कमी करतो आणि घसरण थांबेल तिथे स्थिरावतो. २.४ ऐवजी तो १ किंवा ०.८ अँपिअरवर समाधान मानतो. चिन्ह तसंच राहतं, पण ४ वॅट आत येतात आणि ८ वॅट खर्च होतात. ‘चार्जिंगला लावलंय तरी उतरतंय’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा हेच.

रिसीव्हरची गोष्ट उलटी. त्याला करंट कमी करायची सोय नाही, तो सरळ अडखळतो. रास्पबेरी पाय बोर्डवर बनवलेले स्ट्रॅटक्स रिसीव्हर अनेक वैमानिक वापरतात. त्या बोर्डला ४.६३ व्होल्टच्या खाली कमी व्होल्टेजचा इशारा मिळतो. त्याचा अधिकृत अडॅप्टर ५ नाही तर ५.१ व्होल्टचा आहे, तो केबलमधली घट भरून काढण्यासाठीच. फोनच्या चार्जरवर आणि हाताला लागलेल्या केबलवर तो चालवायचा म्हणजे अगदी काठावर उभं राहण्यासारखं आहे.

केबल विकत घेताना तिच्या अंगावरचं बारीक छापील वाचा. चांगल्या उत्पादकाच्या केबलवर २८ एडब्ल्यूजी/१पी + २४ एडब्ल्यूजी/२सी अशा धर्तीचं काहीतरी असतं. पहिला आकडा डेटाच्या तारांच्या जोडीचा, दुसरा विजेच्या दोन तारांचा. आपल्याला दुसऱ्याशी मतलब. २४ असेल तर १ मीटरपर्यंत ठीक, त्याहून लांब हवी असेल तर २२ किंवा २० शोधा. काहीच छापलेलं नसेल तर मी ती केबल कॉकपिटमध्ये नेत नाही. केबलची जाडी पाहून अंदाज बांधू नका. जाडजूड विणलेल्या आवरणाखाली केसासारख्या तारा निघतात.

मोजायचं कसं

एक छोटं यूएसबी मीटर लागतं, जे केबलच्या मधे बसतं आणि व्होल्ट व अँपिअर दाखवतं. मल्टिमीटर इथे फारसा कामाचा नाही, कारण लोड नसलेल्या केबलच्या टोकाला मोजलं तर सडलेली केबलही ५ व्होल्ट दाखवते. करंटच वाहत नसेल तर घट येणार कुठून?

टॅबलेटची बॅटरी निम्म्याच्या खाली आणा, नाहीतर तो पुरेसा करंट ओढणारच नाही. स्क्रीन पूर्ण उजळवा. आधी मीटर चार्जरच्या टोकाला लावून वाचा, मग केबलच्या दुसऱ्या टोकाला, यंत्राच्या तोंडाशी लावून वाचा. समजा चार्जरकडे ५.०८ व्होल्ट, यंत्राकडे ४.४१ आणि करंट १.६ अँपिअर. फरक ०.६७; त्याला १.६ ने भागलं की ०.४२ ओहम. हा त्या केबलचा, जोडांसकट, जाण्या-येण्याचा एकूण रोध.

चांगलं किती आणि वाईट किती याला एक आधार आहे. यूएसबी-सीच्या मानकात केबलमध्ये जास्तीत जास्त ०.५ व्होल्ट जाणाऱ्या तारेवर आणि ०.२५ व्होल्ट परतीच्या तारेवर पडायला मुभा आहे. ३ अँपिअरच्या केबलला हे लावलं तर एकूण रोध ०.२५ ओहम होतो. म्हणजे वरची ०.४२ ची केबल बाद. ०.१५ च्या आसपास आली तर उत्तम, जपून ठेवा. आणि चार्जरच्या टोकालाच लोडवर ४.७५ च्या खाली वाचन येत असेल, तर केबलला सोडा आणि चार्जर पाहा.

हे सगळं जमिनीवर, इंजिन बंद असताना करा, पण विमानाची बॅटरी उतरवत बसू नका. त्याच चार्जरला पुरेल असा वेगळा १२ व्होल्टचा स्रोत हाताशी असेल तर मोजमाप कार्यशाळेत उरकून घेता येतं.

हलवून पाहण्याची चाचणी

रोध ठीक आला तरी केबल निर्दोष ठरत नाही. तुटक जोड स्थिर असताना छान वागतो. मीटर आणि लोड लावलेलेच ठेवा आणि दोन वेगळ्या गोष्टी करा, एकत्र नको.

आधी प्लग पोर्टमध्ये बोटांनी घट्ट धरा, तो अजिबात हलता कामा नये, आणि प्लगच्या मागची केबल चार दिशांनी वाकवा. इथे वीज गेली तर प्लगच्या मानेशी तारा तुटल्यात. तारा बहुतेक तिथेच तुटतात, जिथे कडक प्लास्टिक संपून लवचीक आवरण सुरू होतं. मग उलट करा: केबल सैल सोडा आणि फक्त प्लग पोर्टमध्ये हळूच डावी-उजवीकडे ढकला. इथे वीज गेली तर पोर्ट किंवा प्लगची स्प्रिंग झिजलीय, आणि दुसरी केबल लावूनही तेच होत असेल तर दोष यंत्राच्या पोर्टमध्ये.

मीटरचा आकडा सावकाश बदलतो, सेकंदाच्या हजाराव्या भागाचा खंड त्यात दिसत नाही. त्यापेक्षा टॅबलेटचा चार्जिंगचा आवाज चालू ठेवा. केबल वाकवताना तो पुन्हा पुन्हा वाजला तर मीटर काहीही म्हणो, जोड तुटतोय.

पोर्टमध्ये प्लग पूर्ण आत जात नसेल, अर्धा मिलिमीटर बाहेर दिसत असेल, तर आत खिशातला कापूस दाबून बसलेला असण्याचीच शक्यता जास्त. यंत्र बंद करून लाकडी किंवा प्लास्टिकच्या बारीक काडीने तो काढा, धातूची सुई नको. ही चार मिनिटांची सफाई अनेक ‘खराब’ केबलींना पुन्हा कामाला लावते.

सिगारेट लायटरचं सॉकेट

माझ्या मते या साखळीतली सर्वांत कच्ची कडी हीच. मूळात तापलेली कॉइल ओढून काढण्यासाठी केलेली रचना, आणि त्यात आपण थरथरणाऱ्या विमानात नाजूक इलेक्ट्रॉनिक्सचा चार्जर खोचतो. मधली स्प्रिंगवाली टोपी सॉकेटच्या तळाला टेकते आणि बाजूच्या दोन पट्ट्या कडेला. थरथरीने चार्जर हळूहळू मागे सरकतो, टोपी टेकेनाशी होते. ज्या चार्जरची पुढची टोपी स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते, ती थरथरीने सैल होऊन आतला फ्यूज आणि स्प्रिंग सॉकेटमध्ये सांडल्याचे प्रकारही होतात. दर उड्डाणाआधी ती बोटाने आवळून पाहा.

चार्जर बाहेर काढल्यावर टोपीवर काळे डाग दिसले तर तिथे ठिणग्या उडताहेत. प्लग हाताला चटका देण्याइतका गरम लागला तर तो चार्जर बाद करा.

विमानाचं व्होल्टेज तपासा. हलक्या विमानांत १४ व्होल्टची यंत्रणा असते किंवा २८ व्होल्टची, सॉकेट मात्र दोन्हींत सारखंच दिसतं. फक्त १२ व्होल्टच्या गाडीसाठीचा चार्जर २८ व्होल्टवर लावला तर तो लगेच जळेल किंवा काही तासांनी, आणि दुसरी शक्यता जास्त वाईट. चार्जरवर कमाल इनपुट ३० व्होल्ट किंवा जास्त लिहिलेलं हवं. ‘१२-२४’ एवढंच असेल तर उत्पादकाचं माहितीपत्रक पाहिल्याशिवाय विश्वास नको.

सी-ते-सी केबल लावली की यंत्र मेलेलंच

हा वेगळा आणि डोकं खाणारा प्रकार. जुनी ए-ते-सी केबल (चार्जरकडे जुना चपटा यूएसबी-ए प्लग, यंत्राकडे यूएसबी-सी) लावली तर यंत्र चालतं, नवी महागडी सी-ते-सी लावली तर अजिबात नाही. केबल दोन्ही चांगल्या असतात.

यूएसबी-सीच्या पोर्टवर यंत्राने ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून ‘मला वीज हवी’ असं सांगायचं असतं. ते सापडले तरच सी पोर्टचा चार्जर वीज सोडतो. स्वस्त यंत्रांत उत्पादक हे रेझिस्टर वगळतात. ए पोर्टमधून ५ व्होल्ट कायम चालूच असतात, त्यामुळे तिथे उणीव झाकली जाते. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या आवृत्तीत दोन पिनांना मिळून एकच रेझिस्टर होता. ई-मार्कर चिप (केबलची क्षमता चार्जरला सांगणारी) असलेली भारी केबल लावली की चार्जरला तो बोर्ड ऑडिओची अ‍ॅक्सेसरी वाटायचा आणि वीज मिळायची नाही. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. असं यंत्र तुमच्याकडे असेल तर ए-ते-सी केबलच लावा आणि तिच्यावर चिठ्ठी डकवा.

‘फक्त चार्जिंग’च्या केबलींचाही एक खोडसाळ दोष आहे. त्यांत डेटाच्या तारा नसतात, आणि जुन्या पद्धतीच्या चार्जरची ताकद यंत्र त्या तारांवरूनच ओळखतं. ओळख पटली नाही की ते सावधपणे ०.५ अँपिअरवर थांबतं. मीटरवर व्होल्टेज छान ५.०, करंट मात्र नेमका अर्ध्या अँपिअरला अडकलेला दिसला तर हा संशय घ्या. टॅबलेट आणि चार्जर दोघांनाही पॉवर डिलिव्हरी येत असेल तर हा सगळाच प्रश्न सुटतो: ९ व्होल्टवर तीच वॅटसंख्या कमी करंटमध्ये जाते आणि अर्ध्या व्होल्टची घट कुणाला जाणवत नाही.

केबल बदलल्यावर रेडिओ ऐका

चार्जिंग सुधारलं म्हणजे काम झालं असं नाही. स्वस्त चार्जरमधला स्विचिंग सर्किट रेडिओ गोंगाट सोडतो आणि लांब केबल त्याची अँटेना बनते. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या बोलण्याच्या पट्ट्यावर तो खरखरीच्या रूपात ऐकू येतो, किंवा जास्त धोकादायक म्हणजे ऐकू न येता दूरचा क्षीण आवाज गिळतो. जमिनीवर स्क्वेल्च (रेडिओची खरखर दाबून ठेवणारी सोय) उघडा, नेहमीच्या फ्रिक्वेन्सींवर चार्जर लावून-काढून ऐका. जीपीएसच्या उपग्रहांची संख्या आणि सिग्नलची पातळी त्याच वेळी पाहा. केबलवर चार्जरच्या जवळ गोंगाट शोषणारी फेराइटची क्लिप बसवल्याने थोडा फरक पडतो, पण खराब चार्जर त्याने चांगला होत नाही.

चुंबकीय होकायंत्राकडेही नजर टाका. जवळून जाणाऱ्या केबलमधला करंट सुई हलवू शकतो. चुंबकाने चिकटणाऱ्या टोकांच्या केबली तर कॉकपिटमध्ये आणूच नयेत: चुंबक होकायंत्राजवळ, आणि संपर्काचे ठिपके थरथरीत निसटणारे.

ओढ आणि वाट

केबलचं वजन प्लगवर लटकत असेल तर कितीही भारी केबल टिकणार नाही. प्लगपासून बोटभर अंतरावर माउंटलाच क्लिपने केबल बांधा आणि मधे सैल वळसा ठेवा, म्हणजे थरथर क्लिपपाशी थांबते. काटकोनी प्लग माउंटवर बरे पडतात. गरजेपेक्षा लांब केबल गुंडाळून ठेवू नका. जास्तीच्या लांबीने रोध वाढतो आणि गुंडाळीने अडकायला एक फास तयार होतो.

केबल नेताना स्टिक, योक, रडर पेडल, थ्रॉटल आणि ट्रिमच्या चाकापासून लांब ठेवा, आणि नियंत्रणं टोकापर्यंत फिरवून पाहा. संकटात फेकून देता येणाऱ्या कॅनोपीला (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला) केबल बांधू नका. पॅनेलमध्ये कायमचा यूएसबी पोर्ट बसवायचा असेल तर ते परवानाधारक मेकॅनिकचं काम आहे.

हवेत असताना शोधाशोध करायची नाही. प्लग एकदा काढून लावा, नाही जमलं तर सोबतची जादा केबल लावा, तेही नाही तर विसरा आणि विमान उडवा. जळका वास आला तर चार्जर उपटून काढा. ब्रेकर पडला तर हवेत पुन्हा दाबू नका.

बॅटरी नसलेल्या रिसीव्हरसाठी बरेच जण मधे पॉवर बँक ठेवतात: चार्जरमधून बँकेत आणि बँकेतून यंत्रात, म्हणजे सॉकेट हललं तरी यंत्र चालू राहील. कल्पना चांगली, पण बऱ्याच बँका इनपुट जोडताना किंवा तुटताना आउटपुट क्षणभर बंद करतात, म्हणजे जो रीबूट टाळायचा तोच त्या घडवतात. विकत घेतल्यावर रिसीव्हर चालू ठेवून चार्जरचा प्लग दहा-बारा वेळा काढा आणि लावा. एकदाही दिवा मिणमिणला तर ती बँक परत करा.